घाटातले दगडी खांब आणि आपला हिशेब

(खांब येथे भरलेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलताना पुढेमागे झालेली वाक्ये नीट लावली आहेत, बाकी मजकूर तोच ठेवला आहे.)



तुमच्यापैकी काही जण आज पहाटे पुण्याहून निघून बोरघाट उतरून, खोपोली, पाली, वाकण असे करत इथे आला आहात. मुंबईची मंडळी पेण, नागोठण्यावरून आली. गावाचे नाव खांब, हे ऐकून एका ताईंनी मघाशी विचारले, "इथे कुठला खांब आहे?" आपल्या गावाच्या नावामागची कथा सांगायला गावातली वडीलधारी माणसे आहेत. मी आज दुसऱ्याच खांबांविषयी बोलणार आहे. पुण्याची मंडळी आज सकाळी त्यांच्या अगदी जवळून आली, पण बहुधा कोणी वर पाहिले नसेल. बोरघाटातल्या जुन्या रेल्वेच्या दगडी पुलांचे ते खांब.

आदिवासी कल्याणाच्या मेळाव्यात रेल्वेचा पूल कशाला, असे वाटेल. थोडा धीर धरा. शेवटी आपण आपल्या वाड्यांवर आणि आपल्या स्वतःच्या दारात येणार आहोत.

आधी पुलांची हकिकत सांगते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केले आहे. १८५६ मध्ये ही रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीने किंवा बैलगाडीने घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. ही मधली फट बुजवायला सात वर्षे लागली. २४ जानेवारी १८५६ रोजी घाटाचे काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला.

सुमारे साडेपंचवीस किलोमीटरचा हा चढ. त्यात गाडी १८३१ फूट वर चढते. २५ बोगदे, २२ लहान पूल, आणि दऱ्या ओलांडायला कमानींचे उंच दगडी पूल आठ. अशा पुलाला रेल्वेवाले व्हायाडक्ट म्हणतात. खाली नदी असो वा नसो, दरीच्या तळातून एकेक खांब उभा करायचा, दोन खांबांमध्ये कमान टाकायची आणि त्या कमानींवरून रूळ न्यायचे. खंडाळ्याच्या अलीकडे चढ इतका अवघड झाला की तिथे गाडी थांबवून, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडून, उलट्या दिशेने वर न्यावी लागे. त्या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन बंद पडले.

या स्टेशनच्या मार्गावरचा एक जुना पूल तुम्ही नक्की पाहिला असेल. द्रुतगती मार्गावरून जाताना डोक्यावर दगडी कमानी दिसायच्या, तोच. तिथे पूर्वी अमृतांजनची जाहिरात असायची म्हणून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून तो पाडला. वाहतुकीला त्याची अडचण होत होती, अपघात होत होते. पाडला याची तक्रार मी करत नाही. पण तेव्हा बातम्यांत वाचले की हा पूल १८३० सालचा, १९० वर्षांचा. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात घाटातला गाडीरस्ता खुला झाला होता, ते साल त्या रस्त्याचे. घाटात रेल्वेचे काम १८५६ नंतरचे. मग तिच्या पुलाचे साल १८३० कसे असेल? दीडशेहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या पुलाचे साल आपल्याला नीट सांगता येत नाही, तर तो बांधणाऱ्यांची आठवण आपल्याला कितपत असणार?

काहींची आहे. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. त्यांनी या घाटाची आखणी केली, तब्येत ढासळून इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये, मार्ग खुला होण्याआधीच, वारले. पहिले ठेकेदार विल्यम फॅव्हिएल. त्यांनी १८५९ मध्ये काम सोडले. त्यानंतरचे सॉलोमन ट्रेडवेल. हे मुंबईत उतरले आणि काही आठवड्यांतच आजाराने गेले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका सोडून न देता स्वतःकडे घेतला, दोन इंजिनियर हाताशी धरले आणि काम पुरे करून घेतले. त्या काळात एका विधवा बाईने केवढा हा धीर दाखवला! त्यांची आठवण राहिली हे योग्यच झाले.

पण १८६१ मध्ये या घाटात एका वेळी ४२,००० माणसे कामाला होती. बेचाळीस हजार! काळा कातळ फोडायचा, दगड घडवायचे, चुना मळायचा, पाणी वाहायचे. कड्यावर उभे राहायलाही जागा नसे, तिथे वरून दोर सोडून, त्या दोराला बांधलेली माणसे पहारीने सुरुंगाची भोके पाडत. बायका आणि पोरे डोक्यावर माती वाहत. पटकी आणि तापाने माणसे मरत. पावसाळा आला की काम मंदावे, मजूर आपापल्या गावी जात आणि पाऊस सरला की परत येत. या बेचाळीस हजारांतले एक नाव सांगा म्हटले तर मला सांगता येणार नाही.

लोकांनी मात्र एक नाव जपले आहे. जुन्या महामार्गाने घाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. ट्रकवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात. गोष्ट अशी सांगतात, की साहेबांना घाटातून वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली जनावरे ज्या वाटेने चढत ती वाट दाखवली. साहेब म्हणाला, काय बक्षीस हवे ते माग. तो म्हणाला, माझा मुलूख सोडून जा. साहेबाने त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे, मी तिला इतिहास म्हणणार नाही. पण ही कथा का टिकली याचा विचार करा. वाट दाखवणाऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न लोकांच्या मनातून गेला नाही म्हणून ती टिकली.

आता मजुरीची गोष्ट. जिच्यासाठी मी हे सगळे सांगितले, ती हीच.

ठेकेदार फॅव्हिएल यांनी कामाचे तुकडे करून लहान ठेकेदारांना दिले. त्यांनी ते मुकादमांना दिले. मुकादमाने गावोगावची माणसे आणली. पैसा वरून निघायचा आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा अडायचा. खाली मजुरापर्यंत येईस्तोवर उशीर व्हायचा, कमी व्हायचा, कधी यायचाच नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम सुटला. काठ्या-दगड घेऊन ते गोऱ्या अधिकाऱ्यांवर चालून गेले. दंगल झाली, त्यात एका युरोपियनाचा जीव गेला. हिंसेचे समर्थन मी करणार नाही, करताही येत नाही. पण चौकशी झाली तेव्हा मुळाशी थकलेली मजुरीच निघाली.

पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, सरकारने मालक आणि मजूर यांच्या तंट्यांसाठी कायदा केला. मजुरीचे भांडण मॅजिस्ट्रेटपुढे नेता यावे ही त्यातली चांगली बाजू. पण त्याच कायद्यात, ठरलेले काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही होती. म्हणजे मालकाने मजुरी बुडवली तर तो पैशाचा तंटा, आणि मजूर काम सोडून गेला तर तो गुन्हा. हा तराजू नीट लक्षात ठेवा.

त्या घाईच्या, अडवाअडवीच्या कामाचे फळ दगडांनीही दाखवले. इंग्रजी कागदांत ज्याला म्हौ की मल्ली म्हटले आहे, तो आठ कमानींचा उंच पूल १९ जुलै १८६७ रोजी भर पावसात कोसळला. मार्ग सुरू होऊन चार वर्षेच झाली होती. चौकशीत बांधकामातले दोष बाहेर आले. बाहेरून दगड घडीव दिसला तरी खांबाच्या पोटात काय भरले आहे, हे पावसाला कळते.

बंधुभगिनींनो, हे सगळे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे म्हणून मी सोडून दिले असते. पण एक शब्द मला सोडू देत नाही. तो शब्द म्हणजे मुकादम.

पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांतल्या आपल्या कातकरी वाड्या तुम्हांला माहीत आहेत. एके काळी खैराच्या लाकडापासून कात पाडणारी ही माणसे, त्यावरूनच त्यांचे नाव. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, काताचा धंदा बुडाला आणि ही माणसे दुसऱ्याच्या कामावर गेली. आज दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळसा पाडायला घाटावर, कोणी थेट कर्नाटकात. पाऊस तोंडावर आला की टेंपोतून परत येतात. घाटातल्या त्या मजुरांचेही असेच होते. पाऊस सरला की जायचे, पाऊस आला की यायचे.

त्यांना नेतो कोण? मुकादम. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कोणी आजारी असते, कोणाचे लग्न असते. तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. भट्टीवर नवरा-बायको दोघे मिळून एक जोडी. हजार विटांमागे दर ठरलेला असतो. दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. शेवटी हिशेब होतो. हजारांत किती विटा मोडल्या, किती पावसात गेल्या, खर्ची किती उचलली, हे सगळे मालकाच्या वहीत. आपल्या माणसाच्या हातात काहीच नाही. सहा महिने थापून तो घरी येतो तेव्हा त्याला सांगतात, तुझ्या अंगावर अजून एवढे बाकी राहिले. मग पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे आणि असे कर्ज कायद्याने वसूल करता येत नाही. पण हे वाडीवर कोण सांगणार? तिथे अजूनही १८६० चाच तराजू चालतो. पैसे बुडाले तर "बघू", आणि माणूस पळून आला तर त्याला शोधायला जीप येते.

आता मला आपल्याच घरची एक गोष्ट सांगायची आहे. सांगायला बरे वाटत नाही, पण इथे सगळी आपलीच माणसे आहेत.

काही वर्षांपूर्वी आम्ही मुलींच्या राहण्यासाठी दोन खोल्या बांधल्या. तुमच्याच देणग्यांतून. विटा कुठून घ्यायच्या हे मीच ठरवले. तीन ठिकाणी भाव विचारले आणि जिथे स्वस्त मिळाल्या तिथून घेतल्या. देणगीचा पैसा आहे, काटकसर करायला हवी, असे मला वाटले. खोल्या झाल्या, प्रार्थना झाली, फोटो निघाले. पुढे पावसाच्या तोंडावर एक बाई वाडीवर परत आली. तिची मुलगी आमच्याकडेच शिकत होती. मुलीला भेटायला आली तेव्हा भिंतीला अजून गिलावा नव्हता. ती भिंतीजवळ गेली, विटेवरच्या छापावर बोट ठेवले आणि म्हणाली, "ताई, ह्या आमच्या भट्टीच्या. आम्हीच थापल्यात."

तिच्या बोलण्यात अभिमान होता. मलाही आनंद झाला. मी सहज विचारले, "मग हिशेब झाला का?" ती म्हणाली, "झाला ना. अजून बाकीच निघाली अंगावर."

मी त्या रात्री झोपले नाही. मुलगी ज्या भिंतीच्या आत सुरक्षित झोपली होती, ती भिंत तिच्या आईच्या बुडालेल्या मजुरीने स्वस्त झाली होती. आणि ती स्वस्ताई मी अहवालात काटकसर म्हणून लिहिली होती.

मजुरी अडवून ठेवली तर ती मजुरीच ओरडते आणि तिचा आवाज प्रभूच्या कानी जातो, असे याकोब आपल्या पत्रात बजावतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे मी शिकले, पुढे रविवारच्या शाळेत शिकवलेही. पण ते श्रीमंत जमीनदारांना लिहिले आहे, असे मी धरून चालले होते. विटांचा भाव विचारणाऱ्या ताईलाही ते लिहिले आहे, हे मला त्या भिंतीने शिकवले.

मग आम्ही काय केले? फार मोठे काही नाही. त्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा हिशेब पुन्हा मांडायला आम्ही मालकाकडे गेलो. दोन फेऱ्या फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी वाडीतली आणखी चार जोडपी बरोबर आली. बसून, मोजून, बोलून शेवटी अंगावरची बाकी मिटली आणि थोडे पैसे हातात आले. पुरे मिळाले असे मी म्हणणार नाही. मालकाचे म्हणणेही ऐकले. त्याचेही पैसे बांधकामवाल्याकडे अडकलेले असतात. प्रत्येक पायरीवर थोडा पैसा अडतो, हे मी मघाशी घाटाच्या बाबतीत सांगितले, तसेच इथेही.

त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक जोडीला एक लहान वही द्यायची. पहिल्या पानावर उचल किती घेतली, दर काय ठरला, मुकादम कोण. पुढे आठवड्याला एक ओळ: विटा किती, खर्ची किती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी रेघा मारायच्या. हजार विटांना एक रेघ. आमच्या शाळेतली मुले सुट्टीत भट्टीवर आईबापांकडे जातात, तेव्हा तीच वही भरतात. पहिल्या वर्षी बऱ्याच वह्या भिजल्या, काही चुलीत गेल्या. आता त्यांना प्लास्टिकची पिशवी देतो. वही आहे म्हटल्यावर सगळेच मालक खुश होत नाहीत. एकाने वही असलेल्या जोडीला कामावर घ्यायचेच नाकारले. हा धोका आहे आणि तो आम्ही वाडीवर बैठकीत बोलून दाखवतो. वही न्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे.

मागच्या वर्षी मोठ्या मुलांना घेऊन मी खंडाळ्याला गेले. जुन्या मार्गाचे दगडी बांधकाम दाखवले. मुलांनी आधी माकडे पाहिली, मग चिक्की मागितली. एका मुलाने मात्र खांबाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ताई, यांची वही कुठे असेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. इंजिनियरची वही आहे, ठेकेदाराची आहे, कंपनीची आहे. त्या बेचाळीस हजारांची नाही.

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणून उभे केले, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे मुलाबाळांनी त्या धोंड्यांविषयी विचारले की त्यांना काय घडले ते सांगता यावे, म्हणून. दगड स्वतः काही सांगत नाही. मूल विचारते आणि मोठ्यांनी सांगायचे असते. घाटातल्या खांबांविषयी आपल्या मुलांना सांगताना उंची सांगा, कमानी सांगा, अ‍ॅलिस बाईंचा धीर सांगा. त्याबरोबर दोराला लटकून पहार मारणारी माणसेही सांगा, आणि त्यांची मजुरी कुठे अडली तेही सांगा.

आणि आता तुमच्या दारात येते. देणगीसाठी मी आज हात पसरत नाही. वह्यांना फार पैसे लागत नाहीत. मला एक प्रश्न तुमच्याबरोबर घरी पाठवायचा आहे. तुमच्यापैकी कोणी घर बांधत असेल, कोणाच्या मंडळीचे सभागृह होत असेल, कोणी कुंपणाची भिंत घालत असेल. ठेकेदाराला भाव विचाराल तेव्हा एवढेच विचारा: या विटा कुठल्या भट्टीच्या, आणि तिथल्या माणसांचा हिशेब लेखी होतो का? तो हसेल. पहिल्या वेळी नक्की हसेल. दहा जणांनी विचारले तर तो भट्टीवाल्याला विचारील. विटेमागे चार पैसे जास्त पडले तर ते द्या, आणि त्याला देणगी म्हणू नका. ती मजुरी आहे.

दुपारी जेवणानंतर आपण वाडीवर जाणार आहोत. दिवाळी होऊन गेली आहे, त्यामुळे बरीच दारे बंद दिसतील. म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतील. त्यांची विचारपूस करा. घरातली माणसे कुठे गेली, कोणत्या कामावर गेली, हे विचारा आणि ऐकून घ्या. आणि आज संध्याकाळी पुण्याकडे घाट चढताना, उजेड असला तर, एकदा बाहेर पाहा. पूर्वी ज्या खांबांवरून नजर सरकून जात होती, तिथे ती थोडी थांबेल अशी मला आशा आहे.

प्रभू तुमच्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो, आणि ज्यांच्या हातांनी आपली घरे उभी राहतात त्यांनाही.

नमस्कार.